घरातले गाणे घरातच असावे

गेल्या चवथीची गोष्ट. आम्ही सगळे सत्तरीतल्या मूळ घरी जमलो होतो. आरती झाली, नेवऱ्या-खतखत्याचे जेवण झाले आणि मंडळी माटोळीसमोर चटया टाकून लवंडली. बाबांचे वय आता शहात्तर. ऐकू जरा कमी येते, पण गाण्याचा कान अजून शाबूत आहे. ते म्हणाले, "दीनानाथांचं 'रणदुंदुभी'तलं पद लाव रे."

मी खिशातून फोन काढला. आमच्या त्या वाड्यावर रेंज नावाची वस्तू पाहुण्यासारखी येते आणि चहाही न घेता निघून जाते. म्हणून मी अंगण ओलांडून वर काजूच्या भाटापर्यंत चढलो. तिथे एक दांडी मिळाली. अॅप उघडले, माझी यादी उघडली. पदाचे नाव होते, पण फिक्या राखाडी अक्षरांत. बोट लावले तर निरोप आला की हे गाणे सध्या उपलब्ध नाही. गेली दोन वर्षे महिन्याच्या महिन्याला पैसे भरून मी ती यादी जमवली होती. त्यातली नऊ-दहा नावे अशीच राखाडी झालेली तेव्हा माझ्या लक्षात आली.

खाली येऊन सांगितले, तर बाबा रागावले वगैरे नाहीत. एवढेच म्हणाले, "तुझ्या आजोबांचा फोनो बरा. चावी दिली की गात होता."

ते वाक्य माझ्या डोक्यातून गेले नाही. मी कारकून माणूस. कुठला कागद कोणाच्या ताब्यात आहे हे पाहण्यात माझा दिवस जातो. मग गाणे कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न मला आजवर का पडला नाही? पडल्यावर मी जुनी पाने उलटायला बसलो. जे हाती लागले ते आज सांगतो.

मुळात गाणे ही घरात आणून ठेवायची वस्तू नव्हतीच. गाणारा समोर असेल तर गाणे होते, तो उठला की संपले. भाऊराव कोल्हटकरांचे उदाहरण घ्या. बडोद्यात १८६३ साली जन्मलेला हा मुलगा अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मंडळीत आला आणि 'शाकुंतल', 'सौभद्र' या नाटकांनी त्याने महाराष्ट्राला वेड लावले. 'भावड्या' हे त्यांचे लाडके नाव आजही नाट्यसंगीताच्या प्रत्येक इतिहासात येते. ते फेब्रुवारी १९०१ मध्ये वारले. ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग आपली यंत्रे घेऊन कलकत्त्याला पोचला तो १९०२ च्या शेवटी. त्या नोव्हेंबरात त्याने गौहरजानसारख्या गायिकांचा आवाज मेणावर उतरवला. म्हणजे जेमतेम पावणेदोन वर्षांनी भाऊराव आपल्याला चुकले. त्यांच्याविषयी आपल्याकडे वर्णनांचा ढीग आहे, आवाज मात्र एक सेकंदाचाही नाही.

यंत्र आल्यावरही सगळे वाचले असे नाही. भास्करबुवा बखले १९२२ पर्यंत होते. अल्लादिया खाँसाहेब तर १९४६ पर्यंत होते, तेव्हा घरोघरी तबकड्या वाजत होत्या. तरी या दोघांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. आमच्या गोव्याच्या गाण्याला तर याची विशेष हळहळ वाटायला हवी. केसरबाई केरकर दोघांकडेही शिकल्या, मोगूबाई कुर्डीकर खाँसाहेबांकडे. शिष्यांचे गाणे आपल्याजवळ आहे, गुरूंचे नाही. जे कशावर तरी उतरले आणि कोणीतरी जपले तेवढेच टिकले. ही गोष्ट मनात धरून पुढे जाऊ.

ती पहिली तबकडी कशाची होती, ठाऊक आहे? लाखेची. आमच्या कचेरीत पूर्वी पाकिटावर मोहोर उठवायला जी लाख वितळवत, तीच लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून ती काळी तबकडी दाबत. लाखेचा किडा मुख्यतः हिंदुस्थानातल्या जंगलांत. त्यामुळे जगभरच्या तबकड्यांना कच्चा माल इथून जात होता. पण सुरुवातीला आपले गाणे छापायला मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हरला जायचे. इथे ध्वनिमुद्रण, तिथे छपाई, पुन्हा बोटीने इथे विक्री. गौहरजानच्या जुन्या तबकड्यांच्या शेवटी ती आपले नाव इंग्रजीत पुकारते, ते याच कारणाने असे सांगतात. छापणाऱ्या परदेशी कारागिराला तबकडी कोणाची हे कळावे म्हणून. १९०८ मध्ये कलकत्त्याला सियालदहला छपाईचा कारखाना निघाला आणि ही वारी थांबली.

तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटे मावत. मैफिलीत तासभर राग मांडणाऱ्या गवयाला तेवढ्यात आलापी, बोल, ताना सगळे बसवावे लागे. काहींना ते मानवले नाही. काहींनी त्यातून एक वेगळीच कला घडवली. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐका. कुठेही घाई नाही, आणि साडेतीन मिनिटांनी काही राहून गेले असेही वाटत नाही.

नव्या वस्तूला शिव्या बसतात तशा यालाही बसल्या. अमेरिकन बँडमास्टर जॉन फिलिप सूझाने १९०६ मध्ये यांत्रिक संगीताच्या धोक्याबद्दल मोठा लेख लिहिला. त्याचे म्हणणे असे की घरोघरी यंत्र आले तर लोक स्वतः गायचे-वाजवायचे सोडतील. तो अगदीच चुकला असे मला म्हणवत नाही. पण आमच्या घरात तरी उलटे झाले.

आजोबा तरुणपणी काही वर्षे मुंबईला गिरगावात एका पेढीवर होते. परत येताना त्यांनी चावीचा फोनो आणि एक पत्र्याची ट्रंक आणली. ट्रंकेत बत्तीस तबकड्या. बालगंधर्व, दीनानाथ, हिराबाई, ज्योत्स्ना भोळे. पिनांची डबी वेगळी. पोलादी पिन एका बाजूला एकदा वापरून टाकून द्यायची असा नियम. पण खेड्यात पिना कुठून आणणार? म्हणून आजोबा जुनी पिन दगडावर घासून पुन्हा वापरत आणि तबकडीचे व्हायचे ते नुकसान होई. पुढे १९५५ मध्ये भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, मुंबईची ये-जा अवघड झाली आणि मुक्तीपर्यंत घरात नवी तबकडी आली नाही. त्याच बत्तीस तबकड्यांची चौसष्ट गाणी सहा-सात वर्षे घर ऐकत राहिले. बाबा सांगतात, त्यांना नि त्यांच्या भावंडांना ती पदे खरखरीसकट पाठ झाली होती. एका पदात पिन अडकून तीच तान दोनदा यायची, तर माझा काका ते पद गाताना ती तान दोनदाच घेई. लोकांना ती त्याची स्वतःची जागा वाटे!

गोव्याच्या गाण्याचा विचार केला की या तबकड्यांचे मोल वेगळेच जाणवते. इथल्या देवळांच्या आश्रयाने वाढलेल्या घरांतल्या मुली मुंबईला गेल्या, मोठ्या उस्तादांकडे शिकल्या आणि त्यांचे गाणे तबकडीवर बसून परत आपल्या गावी आले. मोगूबाईंचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. मे महिन्यात पाणी उतरले की घरांचे चौथरे दिसतात, लोक जाऊन देवाला नारळ ठेवून येतात. गाव बुडाले तरी गावाच्या नावाचा आवाज राहिला, कारण तो कुणाच्या तरी कपाटात होता. दीनानाथ मंगेशकर १९४२ मध्ये वयाच्या एकेचाळीसाव्या वर्षी गेले. त्यांची ती धारदार, पेच घेत जाणारी गायकी आपण आज ओळखतो ती थोड्याशा तबकड्यांच्या जोरावर. त्या लोकांनी घरी जपल्या नसत्या तर दीनानाथही भाऊरावांसारखे नुसते वर्णनात उरले असते.

इथे संग्राहकांना नमस्कार करायला हवा. मुंबईत १९९० मध्ये 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था उभी राहिली. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी जुन्या बाजारांतून, माळ्यांवरून तबकड्या गोळा केल्या, त्यांच्यावरचे क्रमांक नोंदले, लेख लिहिले. हे काम सरकारने नेमलेले नव्हते. घरचे काम सांभाळून, पदरमोड करून केलेले. आज इंटरनेटवर जुने नाट्यसंगीत फुकट ऐकायला मिळते त्यातले बरेचसे अशाच कुणाच्या तरी खाजगी कपाटातून आलेले असते. ऐकताना कपाट दिसत नाही, म्हणून आपण ते विसरतो.

दुसऱ्याच्या हातात गाणे असले की काय होते, याचाही एक जुना धडा आपल्याकडे आहे. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कळकळीचा चाहता. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. हेतू वाईट नव्हता. रागदारीला रेडिओवर मानाचे पान त्यांच्याच काळात मिळाले. पण ज्याला सिनेगीत ऐकायचे होते त्याने काय करायचे? ज्यांच्याकडे फोनो होता त्यांनी चावी दिली. बाकीच्यांनी रेडिओचा काटा सिलोनकडे वळवला, आणि १९५२ च्या अखेरीस सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'ने त्यांना कायमचे धरून ठेवले. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविधभारती काढावी लागली. एका खुर्चीतल्या माणसाच्या आवडीने देशाचा रेडिओ बदलला. घरातली तबकडी मात्र बदलली नाही.

भारतात ती लाखेची तबकडी फार चिवटही निघाली. पाश्चात्त्य देशांत ती मोडीत निघाल्यावरही इथे चावीच्या फोनोंसाठी ती छापली जात होती. इतकी, की साठच्या दशकात बीटल्सची गाणीसुद्धा इथे अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर निघाली. विलायतेतले संग्राहक आज त्या मागे धावतात. वीज नसलेल्या खेड्यांतही फोनो गात होता. बाबांच्या 'चावी दिली की' या शब्दांत केवढा इतिहास आहे पाहा!

मग आली कॅसेट, आणि ही माझ्या वाट्याची गोष्ट. फिलिप्सने ती १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात दाखवली, पण आमच्याकडे पोचली सत्तरच्या दशकाच्या शेवटी, आखातात नोकरीला गेलेल्या माणसांच्या सामानातून. गोव्यात तर कुवेत-दुबईहून सुटीवर आलेल्या माणसाच्या हातात टू-इन-वन नसेल तर लोक त्याची चौकशी करत, नोकरी ठीक आहे ना म्हणून. १९८३ मध्ये गुलशनकुमारांची सुपर कॅसेट्स कंपनी निघाली आणि कॅसेट भाजीच्या भावाने मिळू लागली. पीटर मॅन्युएल या अमेरिकन अभ्यासकाने १९९३ मध्ये 'कॅसेट कल्चर' नावाचे पुस्तकच उत्तर भारतातल्या या उलथापालथीवर लिहिले. त्याचा मुख्य मुद्दा असा की तोवर एका बड्या कंपनीच्या हातात असलेले संगीत कॅसेटने गावोगावच्या छोट्या माणसांच्या हातात दिले. भजने, लोकगीते, कीर्तने, आमच्याकडे कोकणी कांतारां, सगळ्यांची कॅसेट निघू लागली.

पण मॅन्युएलपेक्षा मला महत्त्वाचे वाटते ते टेपरेकॉर्डरवरचे ते लाल बटण. फोनोवर नुसते ऐकता येत होते. टेपवर उतरवून ठेवता येत होते. भाऊरावांच्या वेळी जे साहेबाच्या यंत्राशिवाय होत नव्हते, ते सत्तरीतल्या खेड्यात शाळामास्तरही करू शकत होता.

आणि त्याने केलेही. १९८९ च्या आमच्या जत्रेत गावच्या मंडळींनी संगीत नाटक बसवले होते. काका त्यात गात होता, तोच दोनदा तान घेणारा काका. मी नऊ-दहा वर्षांचा, रंगमंचाला अगदी खेटून बसलेला. कुणीतरी टेपरेकॉर्डर मंचाच्या कडेला ठेवला होता. काकाची तीन पदे झाली, पहिल्या पदाला 'वन्समोर' मिळाला. कॅसेटची एक प्रत आमच्या घरी आली. तीन वर्षांनी काका कावीळ होऊन गेला. वय अडतीस. त्यानंतर बाबा ती कॅसेट वर्षातून एकदा, त्याच्या तिथीला लावत. रीळ अडकले की मी ते बॉलपेन घालून फिरवून देई.

आता माझी चूक सांगतो. नोकरी लागली, पणजीत फ्लॅट घेतला. मधल्या काळात जग भराभर पुढे गेले. वॉकमन १९७९ चा, सीडी १९८२ ची. आमच्यापर्यंत दोन्ही उशिरा आले. मग एम्पीथ्री आली, २००१ मध्ये पाच जीबीचा पहिला आयपॉड आला. हे सगळे कितीही बदलले तरी एक गोष्ट तीच होती. गाणे आपल्या हातातल्या वस्तूत होते. नंतर फोनवर गाणी वाहून येऊ लागली आणि मला वाटले, आता घरात अडगळ कशाला? २०१६ च्या मे महिन्यात घराची रंगरंगोटी काढली तेव्हा मी दोन खोके कॅसेट भंगारवाल्याला दिल्या. पैसेसुद्धा घेतले नाहीत, नेतोय हेच उपकार म्हणून. काकाची कॅसेट त्यात होती हे मला पुढच्या तिथीला कळले. बाबांनी कपाट उघडले, बंद केले आणि काही बोलले नाहीत. तेव्हा बोलले असते तर बरे झाले असते.

सगळे काही 'वर' कुठेतरी आहे, हा माझा समज होता. तो किती पोकळ होता हे पुढच्या काही वर्षांत दिसत गेले. गूगलची 'प्ले म्युझिक' ही सेवा २०२० मध्ये बंद झाली. 'रेसो' जानेवारी २०२४ च्या शेवटी भारतातून गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एअरटेलने 'विंक' गुंडाळत असल्याचे जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार पुढे सरकला नाही आणि लोकांच्या याद्यांतली गाणी रातोरात दिसेनाशी झाली. 'मायस्पेस' या एकेकाळच्या प्रचंड संकेतस्थळाने तर २०१९ मध्ये कबूल केले की यंत्रणा बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी चढवलेली गाणी नष्ट झाली. ती पाच कोटींहून जास्त होती असे तेव्हा छापून आले. त्यांतली किती गाणी कुणाच्या तरी काकाची असतील, कोण जाणे.

यात कुणाला खलनायक ठरवायची गरज नाही. हा व्यवहारच तसा आहे. अॅपवाला गाण्याचा मालक नसतो. तो कंपनीकडून ठराविक मुदतीने गाणी भाड्याने घेतो आणि आपल्याला पोटभाड्याने देतो. वरचा करार संपला की खालच्या पोटभाडेकरूचे सामान बाहेर. 'डाऊनलोड केले' म्हणून आपण निर्धास्त असतो, पण तेही गाणे कुलूपबंद असते आणि किल्ली त्यांच्याकडे. स्पॉटिफायवर उतरवलेली गाणी चालू ठेवायची तर निदान तीस दिवसांतून एकदा इंटरनेटला हजेरी लावावी लागते. आमच्या कचेरीच्या भाषेत सांगायचे तर मूळ कागद त्यांच्या दप्तरी, आपल्याला नुसती वाचायला परवानगी. नक्कल नाही, शिक्का नाही.

त्याचे गुण मी नाकारत नाही. ज्या तबकडीसाठी पूर्वी चोरबाजार पालथा घालावा लागे ती आज घरबसल्या ऐकू येते. माझ्या मुलीने मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले ते फोनवरच, मी सांगण्याआधी. नवे गाणे शोधायला ही सोय फार चांगली. पण शोधणे वेगळे आणि ठेवणे वेगळे. वाचनालयाची वर्गणी भरतो म्हणून कोणी घरातली ज्ञानेश्वरी वाचनालयात नेऊन देत नाही.

म्हणून चवथ संपल्यावर मी दोन कामे केली. पहिले, बाबांसाठी एक छोटा वेगळा प्लेयर घेतला. सिम नाही, इंटरनेट नाही, मोठी बटणे, आत मेमरी कार्ड. सारेगामाने २०१७ मध्ये 'कारवां' काढला, पाच हजार गाणी आत भरलेला, रेडिओसारखा दिसणारा. म्हाताऱ्या माणसांनी तो किती उचलून धरला ते आपण पाहिलेच आहे. लोकांना काय हवे होते हे त्यावरून कळावे. मला मात्र गाणी माझ्या निवडीची हवी होती, म्हणून रिकामा घेतला. हिशेब सोपा आहे. साध्या प्रतीच्या एम्पीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते. साडेतीन मिनिटांचे पद साडेतीन एमबीचे. बत्तीस जीबीच्या नखाएवढ्या कार्डात अशी नऊ हजार पदे मावतात. आजोबांच्या ट्रंकेत चौसष्ट मावत होती आणि ती उचलायला दोन माणसे लागत.

गाणी कुठून आणली? घरात उरलेल्या सीडी उतरवल्या. काही गाणी पैसे देऊन फाईलच्या रूपात विकत घेतली. जुन्या तबकड्यांचे म्हणाल, तर आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर साठ वर्षांचा आहे. त्यामुळे बालगंधर्व-दीनानाथांच्या त्या काळच्या तबकड्या त्या मुदतीबाहेर गेल्या आहेत. संग्राहकांनी त्या मोकळ्या करून ठेवल्या आहेत, त्या घेतल्या. 'रणदुंदुभी'तले पद कार्डावर पहिले ठेवले.

दुसरे काम अवघड होते. काकाच्या कॅसेटची आणखी कुठे प्रत असेल का, याचा शोध. नाटकात पेटीला बसलेले गृहस्थ शेजारच्या गावात आहेत, आता ऐंशीच्या पुढचे. त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, "माळ्यावर असेल तर असेल. बघ तूच." बिस्किटांच्या डब्यात अकरा कॅसेट मिळाल्या. एकीवर शाईने 'जत्रा ८९' लिहिलेले. आपल्या पावसाळ्याचा गुण असा की फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली होती. ती तशीच लावली असती तर फीत आणि यंत्र दोन्ही गेले असते. म्हापशाला जुनी यंत्रे दुरुस्त करणाऱ्या एका माणसाने फीत नव्या कवचात घातली, कोरड्या मऊ फडक्यातून सावकाश दोनदा फिरवली आणि मगच वाजवली. टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून तार काढून संगणकाला जोडली. ऑडॅसिटी नावाचे एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात आवाज उतरवून घेतला.

तीनपैकी पहिले पद पूर्ण गेले आहे. त्या जागी कोणीतरी नंतर क्रिकेटची कॉमेंटरी भरली आहे. तिसरे पद अर्ध्यावर तुटते. मधले पद मात्र आहे. सव्वाचार मिनिटे. मागे जनरेटरचा आवाज, मुलांचा गलका, कुणीतरी चणेवाल्याला हाक मारते आहे. आणि काका गातो आहे. ती तान तो दोनदा घेतो.

ज्याला 'वन्समोर' मिळाला होता ते पद गेले, आणि त्याची आमच्या घरची प्रत मी स्वतःच्या हाताने भंगारात दिली होती. ती धड राहिली असती तर तिन्ही पदे असती. हे मी बाबांना सांगितले. ते म्हणाले, "आहे ते नीट ठेव आता." मग त्यांनी प्लेयर कानाशी धरून ते मधले पद चार वेळा ऐकले.

नीट ठेवणे म्हणजे काय, हेही मी शिकून घेतले. एकच प्रत ही प्रत नव्हेच. निदान तीन प्रती हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी. काकाचे पद आता बाबांच्या कार्डावर आहे, माझ्या संगणकात आहे, आणि एक हार्ड डिस्क बेळगावला बहिणीकडे आहे. दर चवथीला तिन्ही उघडून पाहायच्या, वाजतात ना याची खात्री करायची, असे ठरवले आहे. कार्डे आणि डिस्कही मरतात. लाखेची तबकडी शंभर वर्षे टिकली म्हणून नखाएवढे कार्ड टिकेल असे समजू नये.

शेवटी आमच्याच गोव्याची एक गोष्ट. फोंडा तालुक्यातल्या केरीत १८९२ साली जन्मलेल्या केसरबाईंना ध्वनिमुद्रणाचे फारसे प्रेम नव्हते. गाणे समोर बसून ऐकावे असे मानणाऱ्या पिढीतल्या त्या. तरी त्यांच्या ज्या मोजक्या तबकड्या निघाल्या, त्यांतली भैरवी, 'जात कहाँ हो', नासाने व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीसाठी निवडली. जगभरातून निवडलेल्या सत्तावीस रचनांत ही साडेतीन मिनिटे. पहिले यान २० ऑगस्ट १९७७ ला उडाले, दुसरे ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

त्या तबकडीची रचना पाहण्यासारखी आहे. तांब्याची, वर सोन्याचा मुलामा. सोबत पिन आणि काडतूस ठेवलेले. वेष्टणावर ती कशी वाजवायची याच्या खुणा कोरलेल्या. ज्यांनी ती पाठवली त्यांना ठाऊक होते की सूर्यमालेबाहेर विचारायला कोणी नसणार. म्हणून गाणे आणि ते वाजवायचे साधन दोन्ही एकत्र पाठवले.

आपल्या घरांना एवढे लांब जायचे नाही. पण विचारायला कोणी नसेल अशी वेळ काजूच्या भाटापर्यंत चढल्यावरसुद्धा येते, हे मी पाहिले आहे. तुमच्याही माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यात एखादी शाईने लिहिलेली कॅसेट असेल. जत्रेतले नाटक, सप्ताहातले भजन, आजीची ओवी. दुकानात आणि अॅपवर ती कधीच मिळणार नाही. यंदाचा पाऊस सुरू व्हायच्या आत ती खाली काढा.